तांबी

आमच्या दुकानात तांब्याच्या तारेच्या मोठ्या रिळाला तांबोबा म्हणतात आणि लहान रिळाला तांबी. ही नावं माझ्या वडिलांनी पाडली. वस्तूंना नावं द्यायची त्यांना हौस होती आणि माणसांना नावं ठेवायची खोड. हौस त्यांच्याबरोबर गेली, खोड माझ्याकडे आली असं माझी बायको म्हणते.

आमचा धंदा मोटर वाइंडिंगचा. जळालेली मोटर आमच्याकडे येते. तिच्या पोटातलं काळंठिक्कर पडलेलं तांबं उपसायचं, नवी तार वळून भरायची, वार्निश पाजायचं, भट्टीत भाजायचं आणि फिरती करून परत पाठवायची. नवं काम घेताना आधी यंत्राच्या खुंटीवर तांबी चढवावी लागते, म्हणून आमच्याकडे 'तांबी बसली' म्हणजे काम सुरू झालं. आणि एखाद्यानं 'स्वतःची तांबी बसवली' म्हणजे आमच्याकडे धडे गिरवून त्यानं पलीकडच्या गल्लीत स्वतःचं दुकान थाटलं. असे पुष्कळजण माझ्या हाताखालून गेले. जाताना सगळे पाया पडतात आणि जाता जाता दोन गिऱ्हाइकंही घेऊन जातात.

हे सगळं आधी सांगून ठेवतो, कारण पुढे मी जो तमाशा केला तो या एका शब्दापायी.

माझा मुलगा शाळेची बस चालवतो. गुणी आहे, हसतमुख आहे, पण मोटर फिरली की झालं, ती का फिरते याच्याशी त्याला देणंघेणं नाही. दुकान माझ्याबरोबरच बंद होणार असं मी धरून चाललो होतो. मग सून आली. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात ती मला डबा द्यायला दुकानात आली आणि मी बाजूला ठेवलेल्या एका पंख्याकडे बघून म्हणाली, "बाबा, याच्या एका कॉइलला वळण कमी पडलंय का?" मी मोजून बघितलं. कमी होतं. वळलं होतं मीच.

त्या दिवसापासून डबा मी घरी जाऊन खायला लागलो आणि दुकान ती सांभाळायला लागली. हात असा की बघत राहावं. तार ओढताना ताण कुठे कमी नाही, कुठे जास्त नाही, एका वळणाला दुसरं अंगाला अंग लावून बसलेलं. माझे डोळे आता बारीक तारेला दगा देतात. तिनं वळलेली कॉइल मात्र मी डोळे मिटून बोटांनी तपासतो, आणि बोट कुठेही अडखळत नाही. गिऱ्हाईक विचारतं, "उस्ताद, तुम्हीच केलंत ना?" मी म्हणतो, "मी केलं असतं तर इतकं चांगलं झालं असतं का?" हे म्हणताना माझ्या अंगावर मूठभर मांस चढतं ते वेगळंच.

बायकोचं मत जरा निराळं. तिचं सुनेवर प्रेम आहे, पण तक्रार ठरलेली. "सून आली, पण सुनेच्या हातचं पाणी काही मिळालं नाही. मी बाहेरून दमून यावं तर ही दुकानात, हात वार्निशनं माखलेले. पाणी द्यायला आली तरी पेल्याला रॉकेलचा वास." हे ती सगळ्यांना सांगते. सुनेसमोरही सांगते. सून हसते आणि कामाला लागते.

नात झाल्यावर, म्हणजे आमची भिंगरी जन्मल्यावर, थोडे महिने दुकान पुन्हा माझ्या गळ्यात पडलं. भिंगरी चालायला लागली आणि सून परत खुंटीसमोर बसली.

तर अशा या सुनेला मोठ्या कारखान्यातून बोलावणं आलं. आमच्या शहराला पाणी देणाऱ्या पंपाची मोटर माणसापेक्षा उंच आहे. ती जळली की दूरच्या त्या कारखान्यात पाठवावी लागते आणि ती येईपर्यंत शहर बादल्या घेऊन टँकरमागे धावतं. तसलं हाय-टेन्शनचं वाइंडिंग इथे कुणालाच येत नाही. मलाही येत नाही, आणि हे मी कुणाला सांगत नाही. कारखान्यानं वर्षभर शिकवण्यासाठी माणसं घ्यायचं ठरवलं, तिथला फोरमन परीक्षा घ्यायला आला. त्यानं सगळ्यांना एकेक कॉइल वळायला लावली. सुनेची हातात घेऊन त्यानं ती उलटीपालटी करून बघितली. मग मला विचारलं, "ही कोणाकडे शिकली?" मी म्हटलं, "माझ्याकडे सुरुवात केली. आता मी तिच्याकडे शिकतो."

निवड झाली. पुढच्या महिन्यात हजर व्हायचं होतं. अट एकच, आणि ती योग्यच होती. वार्निशच्या टाक्यांजवळ गरोदर बाईला उभं करत नाहीत. तसं काही असलं तर जागा दुसऱ्याला मिळणार आणि पुढची भरती कधी निघेल ते त्यांनाही माहीत नाही.

ते ऐकून बायकोनं लगेच आपलं म्हणणं मांडलं. "मग आधी दुसरं होऊ दे की. भिंगरीला भावंड होईल. नंतर काय ती टेन्शनं शिकायची ती शीक." सून म्हणाली, "आई, ही जागा थांबणार नाही." बायको म्हणाली, "आणि माझं वय थांबणार आहे?" मुलगा ताटातून मान वर काढेना. मी घरात शूर नाही. मी पाणी मागितलं आणि स्वतःच उठून घेतलं.

सोमवारची गोष्ट. मी दुकानात मागच्या दारानं शिरलो. भट्टीच्या पलीकडे सून फोनवर बोलत होती. तिनं मला पाहिलं नव्हतं. चोरून ऐकायची मला सवय नाही, पण तांबी हा शब्द कानावर पडला आणि पाय जागेवर थिजले.

"हो ताई, ठरलं. उद्या सकाळी येते. तांबीच बसवून घेते म्हणजे पुन्हा पुन्हा धावाधाव नको." मग ती ऐकत राहिली. "दहा वर्षं बघायला नको ना? ... हो, नवऱ्याला सगळं माहीत आहे, दोघांनी मिळूनच ठरवलंय. ... नाही, घरी नाही सांगितलं. सासूबाईंना कळलं तर रडारड होईल आणि बाबांना... बाबांना कसं सांगणार मी हे?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

स्वतःचं दुकान! कारखान्याचं नाव पुढे करून पलीकडच्या गल्लीत तांबी बसवणार! दहा वर्षांचा करार! आणि माझ्या पोटचा पोरगा, ज्याला फ्यूज बदलायला शेजाऱ्याला बोलवावं लागतं, तो भागीदार! बाकीचे गेले त्याचं मला काही वाटलं नव्हतं, पण हिनं तोंडावर सांगितलं असतं तर मी दुकानच तिच्या नावावर करून दिलं असतं. एवढं कमावलेलं माणूस, आणि त्याला आपल्याला सांगावंसं वाटत नाही, हे मला लागलं.

मी दुपारपर्यंत दम धरला. माझ्या मानानं तो विक्रमच होता. दुपारी ती एका पंपाच्या मोटरमध्ये तार भरत बसली होती. मी तिच्यासमोर जाऊन उभा राहिलो.

"सूनबाई," मी म्हटलं. सूनबाई मी फक्त रागावल्यावर म्हणतो. "उद्या तांबी बसवणार आहेस म्हणे."

तिच्या हातातली तार सुटली. असं कधी होत नाही. कानापर्यंत लाल झाली.

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कुणी का सांगेना. खरं आहे ना?"

तिनं खाली बघितलं, मग मान वर केली. "खरं आहे."

"आणि मला विचारावंसं वाटलं नाही?"

"तुम्हाला? बाबा, हे तुम्हाला कसं विचारायचं?"

"का? माझा काही हक्क नाही?"

"नाही," ती म्हणाली. शब्द ठाम होता. "बाकी सगळ्यात आहे. यात नाही. यात माझ्याशिवाय कुणाचाच नाही."

मला कुणी थोबाडीत दिली असती तरी चाललं असतं. "वा! चाळीस वर्षं मी हेच करत आलो, आणि आज माझा हक्क नाही!"

"चाळीस वर्षं?" तिचे डोळे विस्फारले. "तुम्ही?"

"मी नाही तर कोण? या गावात तांबी कशी बसवतात हे माझ्याइतकं कुणाला कळतं? निदान जागा तरी मला दाखवायची होतीस. चुकीच्या जागी बसली तर पुढे किती त्रास होतो माहीत आहे?"

"बाबा!" ती ओरडलीच. "काय बोलताय तुम्ही!"

"आणि माझ्या पोराला सामील करून घेतलंस!"

"त्याच्याशिवाय हा प्रसंग आलाच नसता!"

"आणि भाडं? भाडं किती ठरलंय?"

"कसलं भाडं?"

"जागेचं!"

ती माझ्याकडे बघत राहिली. मी तिच्याकडे. मागे भट्टी गुरगुरत होती. हळूहळू तिच्या चेहऱ्यावरचा राग उतरला, तिथे काहीतरी निराळंच आलं, आणि तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. मला वाटलं रडतेय. ती हसत होती. हसता हसता रडतही होती.

"बाबा, दुकानाची तांबी नाही हो. दवाखान्यातली. बायकांची. मूल राहू नये म्हणून बसवतात ती."

मी भट्टीचा काटा बघायला गेलो. काटा बरोबर होता. मी तो पुन्हा बघितला. तिथून हलायचं कसं ते मला कळेना.

मी पाठमोरा असताना तिनं सांगितलं. तोंडासमोर नसल्यामुळे तिला ते सोपं गेलं असावं. "शनिवारी... म्हणजे आम्ही काळजी घेतो, बाबा. पण ती फाटली."

काळजी कशी फाटते हे कळायला मला क्षणभर लागलं. कळल्यावर मी काट्याच्या काचेवरची धूळ पुसायला घेतली.

"याआधी एकदा असंच झालं होतं," ती म्हणाली. "तेव्हा औषधाच्या दुकानातून ती नंतर घ्यायची गोळी आणली. जितकी लवकर घेऊ तितकी बरी असते, म्हणून हा बस सोडून धावला होता. पाळी येईपर्यंत माझं कामात लक्ष नव्हतं. या वेळी दवाखान्यातल्या सिस्टरला फोन केला. ती म्हणाली, गोळी चालेल. पण पाच दिवसांच्या आत तांबी बसवली तर झालेल्या गोष्टीलाही तीच भारी, आणि पुढचीही कटकट मिटते. हवी तेव्हा काढता येते. गोळीनं फक्त ती एक वेळ निभावते. तुम्हीच शिकवलंय ना, फ्यूज असावा, पण त्याच्या भरवशावर मोटर चालवायची नाही."

हे मी शिकवलंय. अगदी याच शब्दांत.

"रोजच्या गोळ्यांचाही विचार केला," ती पुढे म्हणाली. आता आवाज तिचा नेहमीचा झाला होता, गिऱ्हाइकाला तारेचा गेज समजावताना असतो तसा. "पण कारखान्यात कामाच्या पाळ्या बदलत्या. एक दिवस लवकर, एक दिवस उशिरा. मी विसरणार. इंजेक्शनचं म्हणाल तर ते थांबवल्यावर दिवस राहायला कधीकधी वेळ लागतो, आणि मला दुसरं नकोच आहे असं नाही. मला आत्ता नकोय. परत आल्यावर माझं मी ठरवीन. म्हणून तांबी."

मी वळलो. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण मान ताठ होती. मला तेव्हा काय वाटलं ते सरळच सांगतो. मला तिचा अभिमान वाटला. लाजेनं माझे कान तापले होते, जमीन दुभंगली तर बरं असं झालं होतं, आणि त्या सगळ्याच्या वर अभिमान वाटत होता. सगळ्या बाजूंनी विचार करून, तोलून मापून, ही पोर आपलं आयुष्य नीट वळत होती.

"बरोबर कोण येणार?" मी विचारलं.

"कुणी नाही. त्याची बस आहे सकाळी. मी जाईन एकटी."

"मी येतो."

"बाबा, नको. तिथे सगळ्या बायका असतात."

"असू देत. मला बायकांची भीती वाटत नाही," मी म्हटलं. "तुझ्या सासूची सोडून."

दवाखान्यात खरोखरच सगळ्या बायका होत्या. भिंतीला लागून बाकं, कोपऱ्यात पाण्याचं पिंप, खिडकीत सुकलेली कुंडी. मी बाकाच्या टोकाला बसलो तशी शेजारची बाई पर्स मांडीवर घेऊन सरकली. एकीनं पदर सारखा केला. एक तरुण मुलगी माझ्याकडे बघून उगाच खोकली. मी समोरच्या भिंतीकडे बघत बसलो. भिंतीवर बाईच्या पोटाचं आतलं चित्र होतं, म्हणून मग छताकडे बघितलं. पंख्याचं बेअरिंग गेलं होतं.

सिस्टर बाहेर आली. ठेंगणी, चष्मेवाली, आवाज शाळेतल्या बाईंचा. सुनेची विचारपूस झाल्यावर माझ्याकडे वळली. "तुम्ही कोण?"

"वाइंडर," माझ्या तोंडून गेलं.

"काय?"

"सासरा," सून म्हणाली. "माझे सासरे आहेत."

बाकावरच्या सगळ्या माना एकदम वळल्या. सिस्टरनं चष्म्यावरून मला बघितलं. मला वाटलं आता हाकलणार. ती म्हणाली, "मग असे चोरासारखे कोपऱ्यात काय बसलाय? या इकडे. सगळ्यांना दाखवतेच आहे, तुम्हीही ऐका."

तिनं टेबलावर ट्रे आणून ठेवला. त्यात सगळं मांडलेलं होतं. रोजच्या गोळ्यांचं पान, ती नंतर घ्यायची एकटी गोळी, निरोध, इंजेक्शनची बाटली, दंडात बसवायची काडी. ती एकेक उचलून सांगत होती, बायका विचारत होत्या, आणि मी मान खाली घालून ऐकत होतो. त्या नंतर घ्यायच्या गोळीनं गर्भपात होतो का, असं त्या तरुण मुलीनं भीत भीत विचारलं. सिस्टर म्हणाली, "नाही. राहिलेलं मूल तिनं जात नाही. मूल राहायच्या आधीच ती काम करते, म्हणून तर उशीर करायचा नाही." मुलीनं सुटकेचा श्वास टाकला. मग सिस्टर माझ्याकडे बघून म्हणाली, "आणि पुरुषांचंही ऑपरेशन असतं बरं का. मुलं पुरे झाली की. अगदी छोटं. पुरुषांना मात्र ते ऐकूनच चक्कर येते."

"पोराला सांगतो," मी म्हटलं. बायका हसल्या. पर्सवाली परत जवळ सरकली.

शेवटी सिस्टरनं दाखवायची तांबी काढली. "ही बघा."

काडेपेटीतल्या काडीहून जराशी आखूडच. पांढऱ्या प्लास्टिकची इंग्रजी टी, खाली दोन दोरे. आणि दांडीवर... मी खिशातून भिंग काढलं. ते माझ्या खिशात नेहमीच असतं.

"बघू का?"

सिस्टरनं ती माझ्या तळहातावर ठेवली. दांडीवर तांब्याची तार वळलेली होती. केसासारखी बारीक, अंगाला अंग लावून, वरपासून खालपर्यंत एकसारखी. मी भिंगातून बघत राहिलो. म्हातारा काय बघतोय ते कुणाला कळेना. मला मात्र त्या जागेत पहिल्यांदाच ओळखीचं कुणीतरी भेटल्यासारखं झालं होतं.

ती मी सुनेच्या हातात दिली. तिनं बोट फिरवलं. आम्ही एकमेकांकडे बघितलं.

"काम चांगलं आहे," मी म्हटलं. "कुठे सैल नाही. जा तू, घाबरू नकोस."

"दुखेल थोडं," सिस्टर सांगायला लागली. "पहिले काही महिने पाळीला रक्त जास्त जाईल, पोटात कळा येतील. जास्तच वाटलं तर यायचं, घरी सोसत बसायचं नाही."

"येईल," मी म्हटलं. "मी घेऊन येईन."

ती बाहेर आली तेव्हा चेहरा उतरला होता, पोटावर हात होता. मी रिक्षा केली. वाटेत ती म्हणाली, "बाबा, बसली." मी म्हटलं, "काम सुरू झालं म्हणायचं." आणि आम्ही दोघंही इतके हसलो की रिक्षावाल्यानं आरशातून बघितलं.

घरी बायको दारातच उभी होती. बातमी आमच्या आधी पोचली होती. बाकावरच्या पर्सवालीची बहीण आमच्या मागच्या गल्लीत राहते, हे मला तेव्हा कळलं.

"काय हो, तुम्ही बायकांच्या दवाखान्यात बसला होता म्हणे? भिंग घेऊन?"

मी तोंड उघडायच्या आत सून पुढे झाली. सरळ सांगितलं. काय झालं, काय बसवलं, का बसवलं. एक शब्द लपवला नाही.

बायको खुर्चीवर बसली. "म्हणजे दुसरं नाहीच."

"आत्ता नाही, आई."

"मला कुणी विचारलं नाही."

मी खाकरलो. "मीही कालच हक्काचं बोलून बसलो होतो. चांगला मार खाल्ला. तू नको बोलूस."

तिनं माझ्याकडे असं बघितलं की मी भिंतीला टेकलो. बराच वेळ ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग म्हणाली, "माझी दोन एकापाठोपाठ झाली. धाकटी पोटात असताना थोरला कडेवर होता. मला कुणी विचारलं होतं का, आत्ता की नंतर? विचारायचं असतं हेही ठाऊक नव्हतं." मग सुनेला, "दुखतंय?"

"थोडं."

"मग उभी काय राहिलीस माझ्यासमोर? जा, पड जरा." आणि सून आत गेल्यावर मला हळूच विचारलं, "काढता येते ना ती नक्की?"

"हवी तेव्हा. पण ती म्हणेल तेव्हा."

"ते कळलं मला," बायको खेकसली. आणि पाण्याची पिशवी गरम करायला उठली.

सून कारखान्यात शिकायला गेली. वर्षभर भिंगरीला आजीनं सांभाळलं, सुट्टीच्या दिवशी मुलगा तिला आईकडे घेऊन जायचा. सून सुट्टीला घरी आली की हातांवर नवे चट्टे आणि तोंडात नवे शब्द. पहिले काही महिने तिला पाळीचा त्रास झाला, तिथल्या डॉक्टरला दाखवून आली, पुढे तो थांबला. पुरुषांच्या ऑपरेशनचं मी मुलाला सांगितलं. त्याला चक्कर आली नाही. म्हणाला, "दुसऱ्याचं आधी ठरू दे, मग माझा नंबर." मला तोही बरा वाटला.

ती शिकून परत आली आणि पुढच्याच उन्हाळ्यात शहराच्या पंपाची मोटर जळली. नळ कोरडे पडले. अधिकाऱ्यांनी मोटर नेहमीसारखी दूर पाठवायची तयारी चालवली होती. सून त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "इथेच करते." त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "माझ्याकडे बघू नका, मला हे येत नाही. तिला येतं." चारचौघांत मी हे पहिल्यांदाच कबूल केलं, आणि मला ते सांगताना कोण आनंद झाला.

तिनं पंपघरातच मांडव घातला. मी तिच्या हाताखाली होतो. ती मागेल ते द्यायचं, ती म्हणेल ते धरायचं. खुंटीवर पहिला तांबोबा चढवला तेव्हा तिनं मला हाक मारली. "बाबा, तुम्ही बसवा." मी बसवला. पुढे सगळं तिनं केलं. चुकलेलं वळण मी शोधत राहिलो, बोटांनी, डोळे मिटून. सापडलं नाही.

बटण तिनंच दाबलं. मोटर गुणगुणली, मग सूर धरला, आणि पंपघराची जमीन पायाखाली थरथरली. कुणी टाळ्या वाजवल्या, कुणी फोन लावले. मी मात्र घराकडे निघालो, कारण माझा ऊर इतका भरून आला होता की तिथे थांबलो असतो तर सगळ्यांसमोर रडलो असतो.

गल्लीत शिरलो तर नळांवर बायकांची झुंबड. आधी नळ नुसती हवा सोडत खाकरले, तांबडं पाणी थुंकले आणि मग स्वच्छ धार लागली. आमच्या अंगणातल्या नळाखाली बायकोनं पेला धरला. कळशी नाही, बादली नाही, पेला. तो भरला, उजेडात धरून बघितला, आणि उभ्या उभ्या घटाघटा रिकामा केला. तोंड पदरानं पुसलं. मग भिंतीपलीकडच्या शेजारणीला, आणि तिच्या पलीकडच्या, आणि साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"प्या गं, पोटभर प्या! माझ्या सुनेच्या हातचं पाणी आहे!"